ऐतिहासिक चर्चची आभासी सफर कशी करावी

ऐतिहासिक चर्चची आभासी सफर उघडल्यावर बहुतेक जण माऊसने चित्र गरागरा फिरवतात, एकदा छताकडे पाहतात, दोन-तीन बाणांवर क्लिक करतात आणि पाच मिनिटांत कंटाळून ती बंद करतात. यात दोष पाहणाऱ्याचा नसतो. प्रत्यक्ष चर्चमध्ये वास्तूच माणसाला वाट दाखवते. दारातून आत शिरले की खांबांच्या रांगा नजरेला वेदीकडे खेचतात आणि चालायला लागणारा वेळ पाहण्याला आपोआप क्रम लावून देतो. पडद्यावर मात्र सारे काही एकाच वेळी हजर असते, तेही जवळपास सारख्याच अंतरावर असल्यासारखे. त्यामुळे क्रम पाहणाऱ्याला स्वतःच लावावा लागतो, आणि कॅमेरा कोणत्या गोष्टी बदलून दाखवतो हेही त्यालाच लक्षात ठेवावे लागते. या दोन बाबी सांभाळल्या, तर घरबसल्या केलेल्या सफरीत असेही काही तपशील दिसतात जे प्रत्यक्ष गर्दीत उभे राहून कधीच दिसले नसते.

सफर कोणत्या प्रकारची आणि केव्हाची

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार गोलाकार छायाचित्रांचा. तिपाईवर कॅमेरा ठेवून चहूबाजूंची, वरची आणि खालची छायाचित्रे घेतात आणि ती जोडून एक पूर्ण गोल तयार करतात; पाहणारा त्या गोलाच्या मध्यभागी उभा असतो. व्हॅटिकनच्या अधिकृत संकेतस्थळावरील सेंट पीटर्स बॅसिलिका हे भव्य चर्च आणि सिस्टीन चॅपेल हे प्रार्थनागृह यांच्या सफरी या प्रकारच्या आहेत. येथे पाहणारा चालत नाही, एका तिपाईच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो. म्हणूनच दोन जागांच्या मधल्या कोपऱ्यात एखादी समाधी किंवा छोटी वेदी असेल, तर ती या सफरीत कधीच नीट दिसत नाही, आणि ती शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

दुसरा प्रकार त्रिमितीय प्रतिकृतीचा. लेसरने अंतरे मोजून किंवा असंख्य छायाचित्रे संगणकाने जुळवून वास्तूची हुबेहूब डिजिटल रचना उभी करतात. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे लेसर मोजमाप कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये केले होते. 15 एप्रिल 2019 च्या आगीनंतर पुनर्बांधणीच्या कामात त्या मोजमापांचा आधार मिळाला. सेंट पीटर्सची अशीच प्रतिकृती 2024 मध्ये चार लाखांहून अधिक छायाचित्रांवरून तयार करण्यात आली. या प्रकारात वास्तू वरून, बाहेरून, अगदी छत बाजूला सारून कापल्यासारखीही पाहता येते. रचना समजून घ्यायची असेल तर हा प्रकार उत्तम. पण चित्रांचे आणि कोरीवकामाचे बारकावे गोलाकार छायाचित्रांत सहसा अधिक स्पष्ट दिसतात. दोन्ही उपलब्ध असतील तर आधी प्रतिकृती आणि मग छायाचित्रे, हा क्रम मला सोयीचा वाटतो. निवेदनासह असलेली चित्रफीत ही खरे तर सफर नव्हे, कारण तीत नजर दुसऱ्याची असते. ती शेवटी पाहावी.

त्यानंतर छायांकन केव्हाचे आहे ते शोधावे. ही तपासणी अनेक जण गाळतात, आणि नेमकी तीच महागात पडते. फ्रान्समधील शार्त्र कॅथेड्रलच्या अंतर्भागाची स्वच्छता आणि रंगकाम 2009 च्या सुमारास सुरू झाले आणि शतकानुशतकांच्या काजळीने काळवंडलेल्या भिंती फिकट पिवळसर झाल्या. या बदलावर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. त्याआधीची सफर पाहणारा माणूस शार्त्र म्हणजे गूढ अंधार असे म्हणेल, आणि नंतरची पाहणारा नेमके उलट सांगेल. नोत्र-दाम डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा खुले झाले तेव्हा त्याचा दगडही उजळलेला होता आणि वेदी नवी होती. सेंट पीटर्समधील मुख्य वेदीवर शिल्पकार बर्निनीने उभारलेल्या कांस्य छत्रीची डागडुजीही 2024 मध्येच झाली. सोनेरी मुलामा काळपट दिसत असेल तर छायाचित्रे त्याआधीची आहेत असे समजावे. तारीख दिलेली नसेल तेव्हा अशाच खुणांवरून अंदाज बांधता येतो.

जुने दुवे उघडल्यावर केवळ काळी किंवा राखाडी चौकट दिसली, तर ती सफर बहुधा फ्लॅशवर बनवलेली असते. फ्लॅश प्लेअर 2020 च्या अखेरीस बंद झाला, त्यामुळे त्याच चर्चची नवी आवृत्ती शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

थोडी तयारी

मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा. सफर पूर्ण पडद्यावर उघडावी आणि चित्र आपोआप फिरत असेल तर ते आधी थांबवावे, कारण डोके गरगरण्याचे मुख्य कारण तेच असते. दुसऱ्या खिडकीत त्या चर्चचा तलविन्यास, म्हणजे वरून पाहिलेला आराखडा, उघडा ठेवावा. हा आराखडा नसेल तर सफर सुरूच करू नये, इतका तो महत्त्वाचा आहे.

दारापासून सुरुवात

अनेक सफरी पाहणाऱ्याला थेट घुमटाखाली किंवा वेदीसमोर नेऊन उभे करतात, कारण तेथील दृश्य सर्वांत नेत्रदीपक असते. तेथून लगेच मागे फिरावे. नकाशावर मुख्य दाराची जागा शोधून तेथे जावे आणि वेदीकडे तोंड करून पहिले दृश्य पाहावे, कारण ज्यांनी वास्तू रचली त्यांनी ती याच बाजूने येणाऱ्यासाठी रचलेली असते.

आता दिशा ठरवावी. पश्चिम युरोपातील मध्ययुगीन चर्चमध्ये वेदी साधारणपणे पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असते. आराखडा बहुधा क्रुसाच्या आकाराचा असतो: दारापासून वेदीकडे जाणारे लांब मुख्य दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांपलीकडचे अरुंद मार्ग, मुख्य दालनाला छेदणारे आडवे दालन आणि वेदीमागचे अर्धवर्तुळाकार टोक. इतके ओळखता आले की कोणत्याही खिडकीबद्दल ती उत्तरेची की दक्षिणेची हे सांगता येते, आणि मग तिच्यातून येणाऱ्या प्रकाशाचा अर्थ लागतो. नियमाला अपवादही मोठे आहेत. सेंट पीटर्सचा दर्शनी भाग पूर्वेला आणि वेदी पश्चिमेकडे आहे, त्यामुळे तेथे सवयीने दिशा ठरवली तर सगळेच उलटे होते. इटलीतील रावेन्नाचे सान व्हिताले हे 547 मध्ये अभिषेक झालेले चर्च अष्टकोनी आहे. तेथे लांब दालन शोधत बसणे व्यर्थ आहे.

सेंट पीटर्समध्ये दारापासून निघण्याचा आणखी एक लाभ होतो. 1506 मध्ये बांधकाम सुरू झाले तेव्हा वास्तुविशारद ब्रामान्तेची, आणि पुढे मायकेलअँजेलोचीही, कल्पना चारही बाजू समान असलेल्या क्रुसाची होती. सतराव्या शतकाच्या आरंभी वास्तुविशारद कार्लो मादेर्नो याने पूर्वेकडची बाजू लांबवली आणि आजचे प्रदीर्घ दालन तयार झाले. दारापासून घुमटाकडे एकेक उडी मारत जाताना आराखड्यावर बोट ठेवले, तर मादेर्नोची भर कोठे संपते आणि मायकेलअँजेलोची वास्तू कोठे सुरू होते ते नेमके दाखवता येते. बाहेरच्या चौकातील दृश्य उपलब्ध असेल तर तेही पाहावे: दालन लांबल्यामुळे दर्शनी भागाजवळ उभे राहिल्यावर घुमट बराचसा झाकला जातो, ही तक्रार त्या काळापासूनची आहे.

आकाराचा अंदाज

कॅमेऱ्याची सर्वांत मोठी फसवणूक मापांची असते. गोलाकार छायाचित्र पडद्यावर बहुधा फार रुंद कोनातून उघडते. त्यामुळे जवळच्या वस्तू दूर सरकतात, कडेचे खांब वाकडे होतात आणि चाळीस मीटर उंचीचे छत एखाद्या सभागृहाच्या छतासारखे भासते. यावर साधा उपाय असा की दृश्य थोडे जवळ आणावे, कडेच्या उभ्या रेषा सरळ दिसू लागल्या की थांबावे आणि मगच उंचीचा विचार करावा.

त्यानंतर माप लावण्यासाठी एखादी ओळखीची वस्तू शोधावी. माणूस दिसला तर उत्तमच, पण अशा सफरींचे छायांकन अनेकदा वास्तू रिकामी असताना करतात. मग खुर्च्या, बाके, दारांच्या कड्या, पायऱ्या यांचा आधार घ्यावा. पायरीची उंची जगभर साधारण सारखीच असते. शोभेच्या मूर्तींवर मात्र विसंबू नये. सेंट पीटर्समध्ये शिरल्यावर पवित्र जलाच्या पात्रांना धरून बसलेली गुटगुटीत देवदूत-बालके दिसतात. पडद्यावर ती खऱ्या बाळाएवढी वाटतात, प्रत्यक्षात ती प्रौढ माणसाहून उंच आहेत. घुमटाखालील बर्निनीची छत्री सुमारे 29 मीटर उंच आहे, म्हणजे एखाद्या नऊमजली इमारतीएवढी, आणि तरीही तिच्या वरच्या घुमटामुळे ती बेताची वाटते. घुमटाचा आतील व्यास सुमारे 42 मीटर आहे.

याच बॅसिलिकेत मापाची एक खास सोय जमिनीवरच आहे. मुख्य दालनाच्या मध्यरेषेवर धातूची अक्षरे बसवलेली असून जगातील इतर मोठी चर्चे येथे आणून ठेवली तर कोठपर्यंत पोहोचतील ते त्यांवरून कळते. नजर खाली वळवून ही अक्षरे शोधावीत. सफर पाहणारे बहुतेक लोक वर पाहतात आणि फरशी सोडून देतात. खरे तर फरशीवर समाधींचे लेख, राजचिन्हे आणि संगमरवरी नक्षी यांचा मोठा खजिना असतो.

जवळ जाऊन पाहणे

वास्तूचा एकंदर आकार डोक्यात बसल्यावरच बारकाव्यांकडे वळावे, आणि तेव्हाही सगळे पाहण्याचा हट्ट सोडून तीन-चार गोष्टी निवडाव्यात. सेंट पीटर्समध्ये माझी पहिली निवड उजवीकडच्या पहिल्याच चॅपेलमधील मायकेलअँजेलोची पिएता ही असेल. मृत येशूला मांडीवर घेतलेली मरिया, शतक संपण्याच्या सुमारास, 1498-99 मध्ये, पंचविशीच्या आतबाहेरच्या शिल्पकाराने घडवलेली. 1972 मध्ये एका माणसाने हातोड्याने हल्ला केल्यापासून ती काचेआड आहे आणि प्रत्यक्ष भेटीतही ती दुरूनच पाहावी लागते. पडद्यावर दृश्य वाढवले तर मरियेच्या छातीवरून तिरक्या गेलेल्या पट्ट्यावर कोरलेली अक्षरे दिसू शकतात. ती शिल्पकाराची सही आहे. त्याने सही केलेले हे एकमेव शिल्प.

दुसरी निवड वेद्यांवरील चित्रांची. ती तैलचित्रे वाटतात, पण त्यांतील बहुतेक सगळी रंगीत काचतुकड्यांची मोझाइक आहेत. दमट हवेत कॅनव्हास खराब होत असल्याने मूळ चित्रांच्या प्रतिकृती मोझाइकमध्ये करून लावण्यात आल्या. चित्रकार राफाएलच्या येशूच्या रूपांतराच्या चित्राची अशी प्रतिकृती येथे आहे आणि मूळ चित्र व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. दृश्य शक्य तितके वाढवत न्यावे. छायाचित्र पुरेसे स्पष्ट असेल तर गुळगुळीत वाटणारा गाल किंवा वस्त्राची घडी हळूहळू बारीक ठिपक्यांत विरघळू लागते.

तिसरी निवड बर्निनीच्या छत्रीवरील मधमाश्या. 1624 मध्ये हे काम सुरू करवणारे पोप आठवे अर्बन बार्बेरीनी घराण्याचे होते आणि मधमाशी हे त्या घराण्याचे चिन्ह. पिळदार खांबांवर आणि चौथऱ्यांवर या माश्या शोधण्यात गंमतही आहे आणि बोधही, कारण धर्मवास्तूवर आश्रयदात्याने आपली नाममुद्रा किती निःसंकोचपणे उमटवली आहे ते लक्षात येते.

रंगीत काचा वाचणे

शार्त्रसारख्या कॅथेड्रलमध्ये खरा मजकूर खिडक्यांवर लिहिलेला असतो. तेथील बहुतेक काचा तेराव्या शतकातील आहेत आणि इतक्या संख्येने मूळ काचा टिकलेली वास्तू विरळा. खिडकी वाचण्याचा सर्वसाधारण नियम असा की खालून वर जावे. मुख्य दालनाच्या दक्षिण बाजूच्या मार्गात चांगल्या शोमरोन्याची खिडकी आहे. तिच्यापासून आरंभ करणे सोपे पडते, कारण बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या चरित्रातील, दहाव्या अध्यायाची कथा बहुतेकांना ठाऊक असते.

तळाशी चांभार काम करताना दिसतात. ही खिडकी त्यांच्या व्यवसायाने दिली अशी ती नोंद आहे. वर सरकल्यावर यरुशलेमेहून निघालेला वाटसरू येतो, मग दबा धरून बसलेले लुटारू, मग त्याला ओलांडून जाणारे याजक आणि लेवी (मंदिरातील सेवक), आणि नंतर त्याच्या जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेणारा शोमरोनी. येथे कथा संपली असे वाटते, पण खिडकी निम्मीच झालेली असते. वरच्या भागात आदाम आणि हव्वा यांची निर्मिती, त्यांचे पतन आणि एदेन बागेतून त्यांची हकालपट्टी चितारली आहे. मध्ययुगीन धर्मपंडित लुटलेल्या वाटसरूमध्ये पतित मानवजात आणि शोमरोन्यामध्ये येशू पाहत असत, आणि तो सगळा युक्तिवाद एका खिडकीत मांडून ठेवलेला आहे. एकाच खिडकीला अर्धा तास द्यावा; शंभर खिडक्यांवरून नजर फिरवण्यापेक्षा ते फार मोलाचे ठरते.

काचांबाबत कॅमेऱ्याची दुसरी फसवणूक ध्यानात घ्यावी. कमी-अधिक प्रकाशात घेतलेली अनेक छायाचित्रे एकत्र करून सफरीचे दृश्य तयार करतात, म्हणून त्यात लखलखती खिडकी आणि तिच्या शेजारचा अंधारा कोपरा दोन्ही सारखेच स्पष्ट दिसतात. प्रत्यक्ष डोळ्याला असे कधीच दिसत नाही. शिवाय सफरीत ऊन एकाच वेळेवर थबकलेले असते. सकाळी पूर्वेच्या आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काचा कशा पेटतात याची कल्पना आराखड्यावरील दिशांवरून स्वतःच करावी लागते.

मूर्ती कोणाच्या

संतांच्या मूर्ती ओळखण्यासाठी चेहरा पाहू नये, हातातील वस्तू पाहावी. किल्ल्या असतील तर पेत्र (म्हणजेच सेंट पीटर), तलवार असेल तर बहुधा पौल, मोडके चाक असेल तर संत कॅथरिन, लोखंडी जाळी असेल तर संत लॉरेन्स. चार शुभवर्तमानकारांपैकी मत्तयाजवळ पंखधारी मनुष्य, मार्काजवळ सिंह, लूकाजवळ बैल आणि योहानाजवळ गरुड असतो. घुमट आणि त्याला तोलणारे खांब यांच्यामधील त्रिकोणी जागांत हे चौघे अनेकदा असतात. सेंट पीटर्समध्येही ते तेथेच, मोझाइकमध्ये आहेत. त्यांच्या वर घुमटाच्या तळाशी फिरणारा प्रचंड अक्षरांतला लॅटिन लेख मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील आहे: येशू पेत्राला खडक म्हणतो आणि त्या खडकावर आपली मंडळी, म्हणजे चर्च, उभारण्याचे वचन देतो. परंपरेनुसार पेत्राची कबर याच घुमटाच्या बरोबर खाली आहे, हे आठवले म्हणजे तो लेख नेमका तेथे का आहे ते कळते.

छत पाहण्याची पद्धत

सिस्टीन चॅपेलमध्ये प्रत्यक्ष जाणाऱ्याला मान वर करून, गर्दीत ढकलला जात, वीस मीटरहून अधिक उंचीवरचे छत पाहावे लागते आणि छायाचित्रे घेण्यास तेथे बंदी आहे. म्हणून या एका ठिकाणी मी निःशंकपणे आभासी सफर श्रेष्ठ मानतो. मात्र छतावर झेप घेण्याआधी भिंती पाहाव्यात. वेदीकडे तोंड केले असता डावीकडे मोशेच्या आणि उजवीकडे येशूच्या जीवनातील प्रसंग समोरासमोर रंगवलेले आहेत. बोत्तिचेल्ली, पेरुजिनो आणि गिर्लांदायो यांच्यासारख्या चित्रकारांनी हे काम 1481-82 मध्ये केले, म्हणजे मायकेलअँजेलो छताला हात लावण्याच्या पंचवीस-एक वर्षे आधी.

छताच्या मध्यभागी बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील नऊ प्रसंग वेदीकडून दाराकडे या क्रमाने येतात. प्रकाश आणि अंधार वेगळे होण्यापासून नोहापर्यंत. चित्रकाराने मात्र 1508 ते 1512 या काळात काम दाराकडून वेदीकडे, म्हणजे कथेच्या उलट्या क्रमाने, केले. म्हणून सफरीत दोनदा जावे. एकदा वेदीकडून निघून कथा वाचावी, आणि मग दाराकडून परत येताना चित्रकाराचा हात कसा बदलत गेला ते पाहावे. जलप्रलयाच्या प्रसंगात लहान लहान माणसांची दाटी आहे, ती जमिनीवरून नीट ओळखूही येत नाही. पुढे वेदीच्या दिशेने आकृत्या मोठ्या आणि थोड्या होत जातात.

नोंदी आणि दुसरी फेरी

प्रत्येक थांब्यावर पडद्याचे छायाचित्र घेऊन त्याला आराखड्यावरील क्रमांक द्यावा. नुसती छायाचित्रे साठवली तर आठवड्याभराने कोणते चॅपेल कोणत्या बाजूचे हे सांगता येत नाही. जे ओळखता आले नाही त्याचे वर्णन जसे दिसले तसे लिहावे, उदाहरणार्थ "उत्तरेकडील तिसरी वेदी, हातात मनोऱ्याची छोटी प्रतिकृती धरलेली स्त्री". असे वर्णन हाती असले की शोध घेणे सोपे जाते. ही स्त्री बहुधा संत बार्बरा निघते.

एका बैठकीला पाऊण तास पुरेसा आहे, त्यानंतर डोळे थकतात आणि सगळे खांब सारखे दिसू लागतात. दुसऱ्या फेरीत जुन्या चित्रांशी तुलना करावी. अठराव्या शतकात चित्रकार जोव्हान्नी पाओलो पानिनी याने सेंट पीटर्सचा अंतर्भाग अनेकदा रंगवला आहे. सफरीतील त्याच जागी उभे राहून ते चित्र शेजारी ठेवले, तर रिकाम्या पडद्यावर न दिसणारी माणसे आणि त्यांच्या तुलनेत खांबांची खरी उंची, दोन्हींचा मेळ घालता येतो.